रुखवताचं तिसरं ताट

चैत्रालीच्या हातातला माइक घामानं निसटत होता, आणि अजून पहिलं ताटसुद्धा उघडलं नव्हतं.

अमेरिकेतल्या आयसेलिन गावाजवळचा हॉल. बाहेर शनिवारची दुपार, आत एसी इतका फुल की काकूमंडळी शालूवर जॅकेटं घालून बसलेली. स्टेजच्या उजव्या हाताला लांब टेबल, टेबलावर रुखवत. विणलेली तोरणं, साखरेची तुळस, आणि मध्ये झाकलेली तीन ताटं: लाडू, चकल्या, करंज्या. हिमानीताईच्या लग्नाला अजून तासभर होता. त्याआधी हा खेळ. नवरीकडच्यांनी ताटं झाकून मांडायची. नवऱ्याकडच्यांना एकेक उघडायचं असेल तर यमक जुळवून टोमणा मारायचा, समोरच्यांनी यमकातच तो परतवायचा. चिडला तो हरला.

नवरीकडची बाजू चैत्रालीकडे होती. सतरा वर्षांची पोर, पण यमक जुळवण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. दहा वर्षांची असताना ती साताऱ्याहून इथं आली ती अख्खी मराठी तोंडात घेऊनच. इंग्रजीनं काही तिला नीट जवळ केलं नाही. गेल्या मार्चमध्ये एके दिवशी ती वर्गातून उठली, बॅग उचलली आणि परत गेलीच नाही.

तेव्हापासून बाबा तिच्याशी आईमार्फत बोलायचे. "तिला सांग, शूज दारात ठेवू नको." आणि ती दोन फुटांवर उभी. पाहुण्यांना सांगायचं होतं, धाकटी होमस्कूलिंग करते. वरपक्षालाही तेच सांगितलं होतं.

"हसव गं सगळ्यांना," सकाळी मेकअप करताना ताई म्हणाली होती. "दोन्हीकडची माणसं नुसती 'हो ना, हो ना' करतायत. कसंतरीच वाटतंय."

कसंतरी चैत्रालीलाही वाटत होतं. तिची नजर भारी तीक्ष्ण, काही सुटत नसे. नवऱ्याची आई वीणाकाकू हसायच्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. ऋषीजिजू सारखा कमरेपाशी हात नेत होता. एरवी तिथं ऑफिसचा बॅज लटकलेला असे. आज धोतर होतं, तरी हात जायचाच. फोन टेबलावर पालथा. कुणी हाक मारली की दचकायचा. लग्नाची भीती असेल, तिला वाटलं. पळून गेला तर ताईचं काय होईल, हेही वाटलं. मग तिनं स्वतःलाच झापलं: गप गं.

वरपक्षाकडून सुमित्रामावशी उठल्या. ऋषीच्या सख्ख्या मावशी. मूळच्या नागपूरच्या, पण टेक्सासमधल्या शुगर लँडला इतकी वर्षं काढली होती की टेक्सासविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नसत. उंच, अंबाड्यावर भरगच्च गजरा. त्यांनी माइक असा धरला जसं काही जन्मल्यापासून धरलाय. लाडवाच्या ताटावर हात ठेवला.

"ताटावर ताट, आत बेसनाचे लाडू,
एवढे कडक, म्हटलं हातोडा तरी काढू!
एक सुटला हातून, टाइलला गेला तडा,
हॉलवाला म्हणतो, आधी डिपॉझिट सोडा!"

वरपक्ष खिदळला. लाडू चैत्रालीच्या आईनं वळले होते, आई लाल झाली. चैत्रालीला मात्र झिंग चढली. ही बाई खेळणारी होती.

"लाडवाला नावं ठेवते, जिचे हलतात दात,
बत्तिशी विसरली विमानात, अन् वाईट आमचा हात!"

आता वधूपक्ष उसळला. मावशींनी स्वतःच टाळी दिली, ताट उघडलं, एक लाडू अख्खा तोंडात टाकला आणि दात दाखवले. सगळा हॉल हसला. पहिल्यांदाच दोन्ही बाजू एका वेळी हसल्या. ताईनं स्टेजवरून अंगठा वर केला.

दुसरं ताट चकल्यांचं. पहिला वार आलटून पालटून, आता नवरीकडचा. चैत्रालीनं तो साखरपुड्यानंतर लगेच रचून ठेवला होता. साखरपुड्याला अंगठी घालेपर्यंत जिजूच्या मांडीवर लॅपटॉप होता. प्रॉडक्शन का काहीतरी बंद पडलं होतं म्हणे. सगळ्यांनी पाहिलं होतं.

"चकलीला काटे किती, मोजून कोण सांगणार?
जावईबापू लॅपटॉपमधून डोकं कधी काढणार?
मुहूर्ताला म्हणतील, 'थांबा, मीटिंग आहे चालू,'
हिमानी विचारते, हार काय मॅनेजरला घालू?"

वधूपक्ष हसला. फक्त वधूपक्ष.

समोरच्या खुर्च्यांवर कुणीतरी वीज बंद करावी तसं झालं. वीणाकाकूंनी पदर तोंडाशी नेला. ऋषीचे काका उगाच बुटाकडे बघायला लागले. ऋषीनं चैत्रालीकडे पाहिलंच नाही. त्यानं ताईकडे पाहिलं. आणि ते पाहणं चांगलं नव्हतं.

काय झालं? चैत्रालीनं ओळी मनात परत फिरवल्या. मीटिंग. मॅनेजर. लागण्यासारखं काय आहे त्यात?

सुमित्रामावशींचा चेहरा बदलला होता. माइक त्यांनी हळूच उचलला. आवाज गोड होता, पण त्यातला खेळ गेला होता.

"घरातच शाळा म्हणे, घरातच मास्तर,
हजेरी घेतो मिक्सर, अन् घंटा देतो टोस्टर!
अशी विद्या शिकून पोरगी चढली माइकवर,
पहिला नंबर आला म्हणा, वर्गात एकटीच तर!"

मावशींनी चकल्यांवरचं झाकण काढून ठेवलं. आता वरपक्ष हसला, पण ते हसणं दात काढून चावायला येणारं होतं. चैत्रालीनं मान वळवली. आईकडे पाहिलं तर आईनं मान खाली घातलेली. बाबा भिंतीकडे बघत होते. म्हणजे यांना कळलंय. सगळ्यांना कळलंय. आणि हे सगळ्यांसमोर, ताईच्या लग्नात, माइकवर.

यमकात परतवायचं होतं. यमक सुचलं नाही. सुचला तो संताप.

"निदान मी खोटं तरी बोलत नाही!"

साधं वाक्य. ना यमक, ना काही. खरं तर तो बाण आईबाबांच्या होमस्कूलिंगवर होता. पण माइक काय, समोर जो असेल त्याच्यावर सोडतो. वरपक्षातला एकेक चेहरा पांढरा पडला. ऋषी उठला. फेटा काढून खुर्चीवर ठेवला, सरळ दारातून बाहेर गेला. मागोमाग वीणाकाकू, मावशी, सगळा गोतावळा आपल्या खोलीत. दार बंद.

करंज्यांचं ताट झाकलेलंच राहिलं.

*

ताईनं तिला दंडाला धरून ड्रेसिंग रूममध्ये ओढलं. बांगड्या दंडात रुतल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"डोन्ट डू दॅट, चैतू! कुणी सांगितलं?"

"अगं पण काय?"

ताईनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग ती खुर्चीत बसली, नऊवारीच्या निऱ्या चुरगळल्या तरी भान नाही.

"ऋषीचा जॉब गेला. मागच्या महिन्यात. अख्खी टीम काढली. दोन महिन्यांत दुसरा नाही मिळाला तर व्हिसा संपला, परत नागपूर. त्याच्या घरच्यांना माहितीय आणि मला. बस. आईबाबांना लग्न झाल्यावर सांगणार होतो. आधी कळलं असतं तर बाबांनी लग्न पुढं ढकललं असतं, यू नो हिम." तिचा आवाज फाटला. "आता त्यांना वाटतंय मी तुला सांगितलं. आणि तू माइकवर त्याची टर उडवलीस. वरून खोटारडे म्हणालीस."

चैत्राली दाराकडे वळली. "मी जाते, सांगते त्यांना, मला काही माहीत नव्हतं."

"कोण विश्वास ठेवणार? नेमकं मॅनेजर, नेमकं मीटिंग! मीसुद्धा नाही ठेवला आत्ता." ताईनं डोळे टिपले, काजळ पसरलं. "आणि बाबांना काही बोललीस तर बघ. प्रॉमिस मी."

बाहेर आली तर बाबा आईशी बोलत होते. चैत्राली समोरच.

"तिला सांग, हौस फिटली असेल तर माइक जागेवर ठेव. आपल्या घरचं वाजवून झालं."

म्हणजे बाबांना वाटलं होतं, खोटं म्हणजे होमस्कूलिंग. तेही बरोबरच होतं. एका वाक्यात तिनं दोन्ही घरं जाळली होती. गुरुजी घड्याळ बघत येरझारा घालत होते. आठवडाभर ते सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, त्यामुळे उशीर त्यांच्या शरीरालाच सहन व्हायचा नाही. "प्रसादराव, मुहूर्त टळला तर माझ्याकडे बोट दाखवू नका हां. आणि नवरदेव आहेत कुठं?"

"येतील, येतील. गरम होतंय म्हणून बाहेर गेलेत," बाबा म्हणाले. त्या फ्रीजसारख्या हॉलमध्ये.

चैत्राली पाय आपटत वरपक्षाच्या खोलीशी गेली. दार वाजवायच्या आधी हात दोनदा मागे आला. तिसऱ्यांदा वाजवलंच.

दार मावशींनी उघडलं. अर्धंच. मागे वीणाकाकू रडत होत्या.

"काय गं? अजून काही शिल्लक आहे का?"

"मला माहीत नव्हतं. शप्पथ."

मावशी बाहेर आल्या, दार मागे ओढून घेतलं. "हो का? मग नेमका मॅनेजरच कसा सुचला तुला?"

"'चालू'ला यमक 'घालू'. घालायचा म्हणजे हार. हार कुणाला घालायचा, नवऱ्याला नाही तर मग कुणाला? मीटिंगमध्ये अजून कोण असतं? मॅनेजर!" चैत्रालीचा आवाज चढला. "साखरपुड्यानंतर लिहिलंय ते. तेव्हा होता की त्याला जॉब!"

"हळू बोल." मावशींनी मागे दाराकडे पाहिलं. "यमकासाठी म्हणे. हे जाऊन वीणाला सांगू मी? पोराच्या जिवावर बेतलंय, आणि ही म्हणते यमकासाठी. कोण मानेल?"

"नका मानू!" झालं, डोकं फिरलं. "आणि तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"माझं."

"तुझं काय?"

"शाळेचं!"

"घरी शिकतेस ते? तुझ्या आईनंच सांगितलं फोनवर. त्यात काय एवढं?"

चैत्रालीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मावशींच्या तोंडावर जे होतं ते तिनं मघाशी ताईच्या आरशात पाहिलं होतं. स्वतःच्याच तोंडावर. तो 'काय?' तिचाच होता.

"मी घरी शिकत नाही," ती म्हणाली. या वेळी आवाज आपोआप खाली आला. "शाळा सोडली मी. ना मास्तर, ना काही. दिवसभर घरी असते. बाबा बोलत नाहीत माझ्याशी. तुम्ही म्हणालात ना, एकटीच वर्गात? तेच."

मावशींचा हात गजऱ्याकडे गेला, तिथंच राहिला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मी तर नुसतं... राग आला होता, म्हणून जे हाताला लागलं ते..."

"टोस्टर मास्तरसाठी आणलात ना?"

मावशींचा हात गजऱ्यावरून खाली आला. मग म्हणाल्या, "हो."

"मीपण."

पॅसेजमधून केटरिंगवाला मोठी ट्रॉली ढकलत गेला. दोघी भिंतीला चिकटल्या. तो गेल्यावर मावशी भराभर बोलायला लागल्या. "वीणाला मी सांभाळते. माझं ऐकेल ती. पण पोरगा गाडीत जाऊन बसलाय, काचा वर करून. आईचा फोन घेत नाही, माझा घेत नाही. काही बोलायला गेलं की म्हणतो, हिमानीनं असं करायला नको होतं."

"ताईनं काही केलं नाही!"

"ते मला पटलं. त्याला कसं पटवायचं?"

चैत्राली नख चावत विचार करत होती. "एक ताट राहिलंय," ती म्हणाली.

"रुखवत झाकलेलं ठेवून आमच्याकडे बोहल्यावर चढत नाहीत," मावशी हळूच म्हणाल्या. मग डोळे बारीक केले. "पण ते उघडायचं हॉलमध्ये असतं गं."

"नियम मी आधीच मोडलाय. चिडले ना मी."

*

पार्किंगमध्ये ऊन मी म्हणत होतं. नऊवारी नेसलेली पोर, हातात झाकलेलं ताट, मागे गजरेवाल्या मावशी. ओक ट्री रोडकडे वळणाऱ्या गाडीतल्या एका बाईनं काच खाली करून फोटोच काढला.

ऋषीची गाडी कोपऱ्यात होती. फुलं लावलेली, इंजिन चालू. हे पाहून चैत्रालीनं पावलं भराभर टाकली. पार्किंगमधून बाहेर पडायला त्याला फक्त पायच हलवायचा होता. तिनं काचेवर टकटक केलं. त्यानं मान हलवली. नाही.

ती सरळ गाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. ताट बॉनेटवर ठेवलं. पत्रा तापलेला, बोटं पोळली. ओळी तिनं पॅसेजमधून पार्किंगपर्यंत येताना जुळवल्या होत्या, धड पक्क्याही नव्हत्या. माइक नाही. काचेपलीकडे ऐकू जायला ओरडावंच लागलं:

"तिसऱ्या ताटात करंजी, बाहेरून दिसते छान,
मोडेपर्यंत टिकतो तिच्या पोकळ पोटाचा मान!
मास्तर नाही, मिक्सर नाही, थाप मारतात घरी,
एकटीच आहे वर्गात, सोबत मिळाली तर बरी!"

काही झालं नाही. इंजिन घुरघुरत राहिलं.

मग काच चार बोटं खाली आली.

"थाप म्हणजे?"

"होमस्कूलिंग. खोटं आहे ते. मी ड्रॉपआउट आहे, जिजू. तुझं मला आत्ता ताईकडून कळलं, माइक ठेवल्यावर. मावशींना माझं आत्ता कळलं. आम्ही दोघीही अंधारात दगड मारत होतो."

"लागले मात्र बरोबर," तो म्हणाला.

"तुझी शपथ रे," मागून मावशी म्हणाल्या, "पोरगी खरं बोलते. कच्चं यमक आहे तिचं, पण पोरगी खरी आहे."

"कच्चं?" चैत्राली गर्रकन वळली.

तेवढ्यात इंजिन बंद झालं. ऋषी स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. हसत होता की काय, ते तिला कळेना. मान वर केली तेव्हा डोळे लाल होते.

"सगळ्या गावाला कळलंच असेल आता."

"कुणालाच नाही कळलं. बाबांना वाटतंय मी त्यांनाच बोलले."

"आज ना उद्या कळणारच." त्यानं बॉनेटवरच्या ताटाकडे पाहिलं. "मग ते ताट उघडायचं कुणी? मला यमक-बिमक येत नाही. इंजिनिअर आहे मी. होतो."

*

ताट परत टेबलावर आलं, हॉलमध्ये पुन्हा खुर्च्या भरल्या. वीणाकाकू आल्या. मावशींनी त्यांना काय सांगितलं देव जाणे, पण त्यांनी चैत्रालीच्या पाठीवरून जाता जाता हात फिरवला. ताईला फक्त ऋषी दिसला. तिनं डोळ्यांनी विचारलं, त्यानं डोळ्यांनी थांब म्हटलं.

तो ताटापाशी उभा राहिला. माइक घेतला. कपाळावर घाम फुटलेला दिसत होता. चैत्रालीच्या मनात आलं, नको, नको बोलूस, नुसतं उघड. बाबा पहिल्याच रांगेत बसले होते, हाताची घडी घालून.

"लॅपटॉप..." तो अडकला. मावशींनी ओठ हलवले, त्यानं मान हलवून नको म्हटलं. "लॅपटॉप घेतला परत, बॅज घेतला काढून, चैत्रालीच्या वर्गात मला बाक द्या... बाक द्या एक जोडून."

आधी लोक हसले. मागच्या रांगांतून कुणी तरी 'वा जावईबापू!' म्हणालं. मग पुढच्या रांगेतल्यांना अर्थ लागत गेला, एकेकाचं हसू उतरत गेलं. शेवटी तो अर्थ बाबांच्या चेहऱ्यावर पोचला.

"कधी?" बाबांनी विचारलं.

"मागच्या महिन्यात, काका. सांगायला हवं होतं. चूक झाली."

"हिमानीला माहीत होतं?"

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, बाबा," स्टेजवरून ताई म्हणाली. "तरी करायचंय मला."

चैत्रालीला वाटलं, आता बाबा उठतील. उठले की संपलं. आणि बाबा उठलेच.

ते टेबलाशी आले. झाकण काढलं. एक करंजी उचलली, मोडली. आत सारण जेमतेम चिमूटभर, बाकी पोकळी. ती त्यांनी दोन बोटांत धरून आईला दाखवली.

"सारण कमी पडलंय," ते म्हणाले.

"कमी नाही पडलं," आई फणकारली. "एवढ्या माणसांना पुरवायचं होतं ना! वाटून घातलंय."

वीणाकाकू आधी हसल्या. रडता रडता. मग बाकीचे, तुटक तुटक, परवानगी मिळाल्यासारखे. बाबा हसले नाहीत. करंजीचा अर्धा तुकडा त्यांनी ऋषीच्या हातावर ठेवला, अर्धा स्वतः खाल्ला, आणि गुरुजींना म्हणाले, "चला. मुहूर्त गाठायचाय."

मग ते चैत्रालीकडे वळले. मार्चनंतर पहिल्यांदा सरळ तिच्याकडे, मध्ये आई नाही.

"अंतरपाटाचं एक टोक तू धर. आणि उद्या आपण बोलू."

"कशाबद्दल?"

"उद्या," ते म्हणाले आणि गेले.

उद्या म्हणजे काय? रागावणार? साताऱ्याला पाठवणार? शाळेचं काढणार? ती तेच घोळवत स्टेजवर चढली. अंतरपाटाचं दुसरं टोक सुमित्रामावशींनी धरलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. कापडाच्या या बाजूला ताई, त्या बाजूला ऋषी. त्यांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. चैत्रालीला दोघांचीही दिसत होती. ताई ओठ चावत होती. ऋषीचा हात पुन्हा कमरेपाशी गेला, तिथं काही नाही हे आठवल्यासारखा परत आला.

"तिसरी ओळ ढिली होती तुझी," मावशी अक्षता सावरत पुटपुटल्या.

"तुमचं 'एकटीच तर' काय घट्ट होतं?"

"गप. अंतरपाट वर धर. खाली येतोय."

चैत्रालीचे हात भरून आले होते. तिनं कापड आणखी वर उचललं, आणि पहिल्या रांगेत बाबा कुणाकडे बघतायत ते शोधत राहिली.